गोळ्यांच्या सलग उत्पादनावरील संशोधनासाठी न्यू जर्सीला येताना

गोव्यातील वेर्ण्याच्या औषध कारखान्यात टॅब्लेट विभागात चार वर्षे काढल्यावर रटगर्स विद्यापीठात कंटिन्युअस मॅन्युफॅक्चरिंगवर (सलग उत्पादनावर) पीएचडी करायला यावे का, आणि तो अनुभव येथे धरला जातो का, असे तुम्ही विचारले आहे. धरला जातो, माझ्या मते तीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

तुमच्याकडे ब्लेंडिंग (पावडरींचे मिश्रण) झाले की माल ड्रममध्ये थांबतो, क्यूसीचा (गुणवत्ता तपासणीचा) रिपोर्ट आला की मगच कॉम्प्रेशन, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करणे, सुरू होते. हे थांबणेच काढून टाकण्यासाठी येथे संशोधन चालते : एका टोकाला पावडर पडत राहते, दुसऱ्या टोकाला गोळ्या निघत राहतात आणि औषधाचे प्रमाण एनआयआर (निअर-इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारा) सेन्सर चालत्या प्रवाहातच तपासतो. २००६ मध्ये रटगर्सच्या पुढाकाराने याच क्षेत्रासाठी संशोधन केंद्र उभे राहिले, आणि २०१६ मध्ये प्रेझिस्टा या एचआयव्हीवरील गोळीचे उत्पादन बॅचऐवजी (एकेका घाण्याऐवजी) सलग पद्धतीने करण्यास एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेने जान्सेन या औषध कंपनीला मंजुरी दिली. त्या कामात रटगर्सचा सहभाग होता.

खरी अडचण असते ती फीडरपाशी, म्हणजे पावडर मोजून पुढे सोडणाऱ्या यंत्रापाशी. हॉपरचे (पावडर भरलेल्या टाकीचे) घटते वजन पाहून तो पावडर पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग ठरवतो, पण हॉपर पुन्हा भरताना वजन वाढत असल्यामुळे तेवढा वेळ त्याला वजनावर विसंबता येत नाही आणि स्क्रू ठरावीक वेगाने फिरत राहतो. नेमकी तेव्हाच वरच्या भाराने तळची पावडर दबते आणि स्क्रू जास्त माल ओढतो. हा जादा माल ब्लेंडरमध्ये कितपत मिसळून जातो आणि न मिसळल्यास कोणत्या गोळ्या बाजूला काढायच्या, याचे गणित मांडण्यात एकेकाचा अख्खा प्रबंध खर्ची पडतो. हॉपरमध्ये अडलेली पावडर ज्याने स्वतः मोकळी केली आहे, त्याला संगणकावरचे उत्तर कुठे फसवे आहे हे लवकर कळते. अर्जात असे प्रसंग सविस्तर लिहा, मात्र कंपनीची गोपनीय माहिती त्यात येऊ देऊ नका.

बी.फार्म. असल्याने तुमचे प्रोसेस कंट्रोल आणि संख्याशास्त्र कच्चे असणार. निघण्यापूर्वी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसह तेवढे पक्के करा.

पैशांबाबत माझे मत स्पष्ट आहे. पीएचडीत बहुधा फी माफ होऊन विद्यावेतन मिळते, एमएसला मात्र सगळा खर्च अंगावर येतो. पदवीनंतर कामासाठी ओपीटीचे (विद्यार्थ्यांना अमेरिकेत काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीचे) १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांना आणखी २४ महिने मिळतात, तेवढ्या भरवशावर घर गहाण टाकू नये. प्राध्यापकांना पहिल्याच पत्रात विचारा की त्यांच्याकडे सलग उत्पादनाची यंत्रे प्रत्यक्ष चालू आहेत का आणि प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा शिल्लक आहे.