कागद करायला गेलो आणि टीव्हीच्या मुंग्या झाल्या

प्रश्न : फोटोशॉपमध्ये जुन्या कागदासारखं बॅकग्राउंड करायला बघतेय. फिका तपकिरी रंग भरला, वर अ‍ॅड नॉइज मारलं, तर सिग्नल गेलेल्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसायला लागल्या. क्लाउड्स फिल्टर लावला तर नुसते ढगच. वर मजकूर टाकला की तोही धड वाचता येत नाही. काय चुकतंय?

उत्तर : चुकत फारसं नाहीये, अर्ध्यावर थांबताय. एक खरा कागद घ्या, तिरक्या उजेडात धरून बघा. मोठे मोठे फिके-गडद पट्टे दिसतील आणि त्यावर बारीक रवा, आणि त्या रव्याचं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक कणाची एक बाजू उजळ आणि दुसरी काळपट असते. टेक्श्चर म्हणजे ठिपके नाहीत, पृष्ठभागावर पडलेला उजेड आहे. तुमच्या नॉइजमध्ये उजेडाला दिशाच नाही म्हणून मुंग्या दिसतात.

आधी डी दाबून रंग काळा-पांढरा करून घ्या, कारण क्लाउड्स फिल्टर तेव्हा निवडलेलेच दोन रंग उचलतो. नवीन लेयरवर (म्हणजे वरच्या वेगळ्या थरावर) क्लाउड्स मारा, ब्लेंड मोड, म्हणजे तो थर खालच्यात मिसळायची पद्धत, सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी (थराचा ठळकपणा) १५-२० टक्के. नक्षी दरवेळी वेगळी येते, त्यामुळे आवडेपर्यंत मारत राहा. हे झाले पट्टे.

आता खरं काम. अजून एक लेयर, त्यात फिल कमांडने ५० टक्के ग्रे भरा. अ‍ॅड नॉइज १० टक्क्यांच्या आसपास, मोनोक्रोमॅटिकवर टिक हवीच, नाहीतर लाल-हिरवे कण येतात. मग गॉशियन ब्लरने किंचित धूसर, अगदी अर्धा-एक पिक्सेल, आणि त्यावर उठाव देणारा एम्बॉस फिल्टर, हाइट १ किंवा २. आता करडा, खरबरीत पत्रा दिसेल, घाबरू नका, मोड ओव्हरले करा. ओव्हरलेमध्ये मधला करडा गायब होतो, त्यापेक्षा उजळ असेल ते खालचा रंग उजळवतं आणि गडद असेल ते काळवंडवतं, म्हणजे उरतो फक्त उंचसखलपणा. एवढ्याशा करड्या रंगावर अख्खी गंमत चालते! बॅकग्राउंडवर फोटो ठेवणार असाल तर एम्बॉसचा अँगल त्या फोटोतल्या उजेडाशी जुळवा, नाहीतर डोळ्याला काहीतरी खटकत राहतं.

जाता जाता, ढगाळ नॉइजचं मूळ कॉम्प्युटर ग्राफिक्सवाले केन पर्लिन यांच्या १९८० च्या दशकातल्या कामात सापडतं. कॉम्प्युटरची चित्रं फार गुळगुळीत, यंत्रासारखी दिसतात याला ते वैतागले होते, आणि त्यातून निघालेल्या नॉइजला १९९७ साली ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तुमची तक्रारही तीच की!

मजकुराचं म्हणाल तर रव्याच्या लेयरची ओपॅसिटी कमी करत न्या, टेक्श्चर दिसायचं बंद होईल असं वाटेल तिथपर्यंत, मग किंचित वाढवा. बघताना झूम १०० टक्केच ठेवा, ३३ किंवा ६६ वर रवा खोटा दिसतो. आणि साइज आधी ठरवा, फिल्टर पिक्सेल मोजतो, सेंटिमीटर नाही. ए४ कागद ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो. मी एकदा छोट्या फाइलवर सुंदर टेक्श्चर केलं आणि नंतर ताणून मोठं केलं, रव्याची खडी झाली, सगळं परत करावं लागलं.

प्रश्न : भिंतीचा मोबाइलने काढलेला फोटो टेक्श्चर म्हणून वापरता येईल का? एक कोपरा काळा येतो आणि फोटो शेजारी शेजारी लावला की जोड दिसतो.

उत्तर : येईल की, आणि हातच्या नॉइजपेक्षा छानच दिसेल. आधी रंग काढून टाका, मग हाय पास फिल्टर लावा, रेडियस बराच मोठा घेऊन हळूहळू कमी करा. उजेडाचा चढउतार सपाट होतो, ओरखडे-पोपडे राहतात, आणि सगळं मधल्या करड्यावर येत असल्याने वरच्यासारखंच ओव्हरले चालतं. जोडासाठी ५१२ बाय ५१२ चा तुकडा कापा, ऑफसेट फिल्टर आडवा-उभा दोन्हीकडे २५६, रॅप अराउंड निवडा, म्हणजे एका कडेने बाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत येतो. कडा मधोमध येतात, क्रॉससारखा जोड दिसतो, तो हीलिंग ब्रशने पुसा. फक्त एखादा ठसठशीत डाग राहिला असेल तर तोही काढा, नाहीतर दर ५१२ पिक्सेलला तोच डाग परत भेटतो.