भाचा आयटीआय झालाय, घराचं वायरिंग त्याच्याकडनं करून घेऊ का?

प्रश्न: डिचोलीला आमचं जुनं कौलारू घर आहे, चिऱ्याचं, वायरिंग वडिलांच्या काळातलं. चवथीपूर्वी सगळं नवीन करायचंय, शिवाय एक एसी आणि एक गिझर बसवायचाय. सावंतवाडीचा माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालाय, म्हणतो मामा फक्त मटेरियल आणा, बाकी मी बघतो. शेजारी म्हणतात लायसन नसलं तर वीज खातं पास करणार नाही. खरं काय?
- एक वाचक, डिचोली

उत्तर: भाऊ, शेजारी बरोबर बोलतायत, आणि भाचाही काही खोटा नाही, त्याला काम येत असेलच. पण आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे पोरगा काम शिकला एवढंच, दुसऱ्याच्या घरात वायरिंग करायची परवानगी सरकार वेगळी देतं. तिथे तीन माणसं धरलेली आहेत, एक लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर, दुसरा सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर जो कामावर लक्ष ठेवतो, आणि तिसरा हातात पक्कड धरणारा वायरमन, त्याच्याकडे परमिट. हे आजचं नाही हो, १९५६ च्या वीज नियमांतला ४५ वा नियम हाच होता, मग २०१० ला केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले, त्यांच्या जागी २०२३ चे आले, पण हा मुद्दा तसाच राहिला.

आता सूट कुठे, तर बल्ब, पंखा, फ्यूज बदलणं, जळलेला स्विच काढून तसलाच लावणं, हे भाच्याला खुशाल करू द्या. एसीची नवी लाइन ओढली की ते यात बसत नाही. दोन किलोवॅटचा गिझर, दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, वर विहिरीचा पंप असेल तर तो, म्हणजे आधी बिलावर मंजूर लोड, म्हणजे खात्यानं तुम्हाला किती किलोवॅट वापरायला मंजुरी दिलीय, तो किती आहे ते बघा, कमी असेल तर वाढवायचा अर्ज करावा लागेल आणि तिथे कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो, भाच्याची सही चालत नाही.

भाच्याकडे महाराष्ट्राचं वायरमन परमिट असलं तरी ते गोवा सरकारला मान्य आहे का हे वीज खात्यात विचारा, कारण परमिट राज्य सरकारनं दिलेलं किंवा मान्य केलेलं पाहिजे. परमिटच नसेल तर त्याला आधी ते काढू द्या, आयुष्यभर उपयोगी पडेल, तुमच्या घरावरच प्रयोग कशाला.

आणि एक, 'एमसीबी आहे ना, मग झालं' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वायर वाचवते, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, आपल्याकडे पावसात चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, तिथे तर हवीच. अर्थिंगही नव्यानं तपासून घ्या, मे महिन्यात जमीन सुकते तेव्हा ते कमजोर पडतं, म्हणून पावसाळ्यात मोजून 'ओके' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. काम झालं की ५०० व्होल्टच्या मेगर नावाच्या यंत्रानं वायरींचं इन्सुलेशन, म्हणजे वरचं आवरण करंट नीट अडवतं का ते, तुमच्यासमोर बघायला सांगा, एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर कुठेतरी वायर सोललीय किंवा ओल शिरलीय. प्लास्टर चढायच्या आधी भिंतीतल्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीचा, हूक मारताना लागतील.