फ्रोझन पिझ्झा कोणता आणावा आणि घरी तो बरा कसा लागेल?

कंपनीचं नाव विचारलंत, ते मी सांगणार नाही. आमच्या दापोलीकडे दुकानदार आणेल तो पिझ्झा. आणि कंपनीपेक्षा दुकानदाराचा फ्रीजर बघा. हा माल उणे १८ अंशांवर राहायला हवा, इथे मे महिन्यात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. त्यात बिल वाचवायला रात्री फ्रीजर बंद करणारे महाभाग आहेत. एकाशी माझं त्यावरून वाजलंय. खोका कानाशी धरून हलवा. चीजचा कीस आत खुळखुळला पाहिजे. सगळं चीज एका कडेला गोळा होऊन बसलं असेल किंवा प्लास्टिकच्या आत बर्फाचा भुगा दिसला, तर तो वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. परत जागेवर ठेवून द्या. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. चीजच्या जागी पामतेल आणि स्टार्च दिसलं तर तेही नको. टॉपिंग कमीत कमी असलेला घ्या, त्या गोठलेल्या सिमला मिरचीला पाणी सुटून बेस गिच्च होतो.

आता बरा कसा लागेल? सोडे घाला, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी.

मे महिन्यात डोंबिवलीहून थोरल्या जाऊबाई मुलांना घेऊन आल्या होत्या. मुलांसाठी खोके आणून ठेवले होते. सकाळी लाईट गेली ती गेलीच. (२०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळानंतर आम्ही इतके दिवस अंधारात काढलेत की फ्रीजवर आमच्याकडे कोणी विसंबत नाही.) दुपारपर्यंत पिझ्झे मऊ पडायला लागले. एकदा सुटलेला पुन्हा गोठवायचा नाही, म्हणजे लगेच करणं आलं, आणि ओव्हन विजेचा. मग धोंडस (आमच्याकडचा काकडीचा केक) भाजतो तशीच मांडणी केली. पसरट जाड टोप निखाऱ्यांवर चांगला तापवला, तेलाचं बोट फिरवलं, पिझ्झा आत सोडला, वर लोखंडी झाकण आणि झाकणावरही निखारे. वरचे जास्त, खालचे कमी, नाहीतर बूड करपतं. सोडे आधीच कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळले होते, ठेचलेल्या लसणीबरोबर तेलात कडा लालसर होईपर्यंत परतले, शेवटी चिमूटभर तिखट, आणि झाकण घालण्याआधीच पिझ्झ्यावर पसरले. झाकण काढलं तर चीजवर तपकिरी ठिपके आणि मधे मधे सोडे रुतलेले. वास पार पडवीपर्यंत.

आणि जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, चीज म्हणजे दूधच ना? त्यावर मासळी? पोरांच्या अंगावर पांढरे डाग उठतील!" मुलांचे हात तिथेच थांबले. सासूबाई म्हणाल्या, "खाऊ दे गं," तेव्हा कुठे सुरू झाली. जाऊबाईंनी मात्र मऊ भात खाल्ला, तोही तोंड फिरवून.

मोठ्यांना काय बोलायचं म्हणून मी गप्प बसले. इथे लिहिते. कोड होतं ते आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवर उलटल्यामुळे, मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने नाही. आयुर्वेदात दूध-मासे विरुद्ध आहार म्हटलंय हे मला माहीत आहे, मानायचं त्याने खुशाल मानावं. पण पोरांना डागांचा बागुलबुवा दाखवू नये. बंगाली लोक दह्यात मासा शिजवतात, दोई माछ म्हणतात त्याला. इटलीत मोझरेलावर खारवलेली अँचोव्ही घालतात, आणि अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. पिझ्झा त्यांचा, मग त्यांना विचारायचं की डोंबिवलीला? शिवाय ह्याच जाऊबाई हॉटेलात तंदुरी पापलेट मागवतात. ते कशात मुरवलेलं असतं? दह्यात!

असो. घरी ओव्हन असेल तर एवढा खटाटोप नको. बिना दांड्याचा बिडाचा तवा आत ठेवून २३० अंशांवर वीसेक मिनिटं तापू द्या आणि पिझ्झा फ्रीजरमधून काढून थेट त्यावर. आधी बाहेर काढून मऊ करू नका, आमचा नाइलाज होता. ओव्हन नसेल तर तोच तवा गॅसवर, आच मंद, वर झाकण जरा तिरकं, म्हणजे वाफ कोंडत नाही. मायक्रोवेव्ह नको, बेस चामट होतो.

सोडे महाग पडतात, जवळाही (सुकवलेली अगदी बारीक कोळंबी) चालेल, पण तो कोरडा भाजून अगदी शेवटी भुरभुरायचा. पिझ्झ्यात मीठ आधीच भरपूर असतं, वरून घालू नका. कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल त्याला सोडे-जवळा दोन्ही वर्ज्य. आणि तुम्ही शाकाहारी आहात की काय, ते प्रश्नात लिहिलेलं नाही; असाल तर कांदा परतून पाणी आटवून घाला, कच्चा नको.