लहरींनी गाठ विरघळते का?

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे, केमोचे दोन डोस झालेत. राजारामपुरीत एक जण हातात धातूच्या नळ्या देऊन 'फ्रिक्वेन्सी'नं गाठ विरघळवतो म्हणे. जोडीला करावं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. हे यंत्र १९३०च्या दशकातल्या अमेरिकेच्या रॉयल राइफ यांच्या कल्पनेवरचं. कर्करोगावर त्याचा गुण सिद्ध झालेला नाही. हाताला मुंग्या आल्या म्हणजे लहर गाठीपर्यंत पोचली, असं नव्हे. केमोनं बोटं बधिर झाली असतील तर चटका कळतही नाही. पेसमेकर असेल तर धोकाच.

विक्रेते ज्या 'मान्यताप्राप्त' उपचाराचा दाखला देतात तो निराळा. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर २०० किलोहर्ट्झचं विद्युतक्षेत्र वापरतात : डोकं तासून चार पट्ट्या चिकटवायच्या, दिवसाचे निदान १८ तास, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्यांसोबत. चाचणीत सरासरी आयुष्य १६ महिन्यांवरून जेमतेम २१वर गेलं. केस वाढले, घाम आला की पट्टी सुटते, कातडी सोलते. तुमच्या आईंच्या आजारावर ते नाही.

केमोची तारीख चुकवू नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.