‘प्रीती वाटणे’ आणि ‘प्रीती करणे’

प्रश्न असा आहे : मराठी बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘प्रीती’ का, ‘प्रेम’ का नाही? आणि प्रीती तर आपोआप जडते, मग ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ अशी आज्ञा देता तरी येते का? विचारणाऱ्याला एका लग्नाच्या उपासनेत बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातला प्रीतीवरचा उतारा वाचायचा आहे. ‘प्रीती’च्या जागी ‘प्रेम’ वाचलं तर चालेल का, हा तिसरा प्रश्न.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. प्रीती आणि प्रेम ही सख्खी भावंडं. दोन्ही संस्कृत ‘प्री’ धातूपासून आली आहेत, ‘प्रिय’ही त्याच घरातला. संस्कृतात ‘प्रीति’चा पहिला अर्थ आनंद, संतोष. आज रोजच्या बोलण्यातून हा शब्द उठला आणि भावगीतांत, कवितेत, मुलींच्या नावांत जाऊन बसला, म्हणून तो कानाला प्रियकर-प्रेयसीचा वाटतो. पूर्वी तो एवढा आखूड नव्हता. आईची लेकरावर, भावाची भावावर, धन्याची चाकरावरही प्रीती असे. ख्रिस्ती मराठीने तो रुंद अर्थ धरून ठेवला, एवढंच.

खरी मौज दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण त्याचं अर्धं उत्तर मराठी व्याकरणच देतं. मला भूक लागते, मला राग येतो, मला प्रेम वाटतं. या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाहीच; ‘मला’ म्हणून कडेला उभा आहे आणि गोष्ट माझ्याकडे येते. अशा क्रियापदांचा आज्ञार्थ होत नाही. ‘तुला भूक लाग’ असं कोणी कोणाला सांगत नाही, आणि ‘प्रेम वाट’ म्हटलं तर ऐकणारा हसेल. ‘प्रीती कर’ मात्र सरळ आज्ञार्थ आहे. कर्ता ‘तू’, क्रिया ‘करणे’. मत्तयाच्या शुभवर्तमानात (22:39) येशूने सांगितलेलं हे वाक्य ‘करणे’चं आहे, ‘वाटणे’चं नाही. शेजारी आवडला पाहिजे, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

हा नुसता व्याकरणाचा खेळ नव्हे. येशू जी आज्ञा उद्धृत करतो ती जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातली (19:18), आणि ती तिथे एकटी येत नाही. तिच्या आधीची नऊ वचनं वाचा : शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, न्यायात गरीब-श्रीमंत पाहू नका, चहाड्या करत फिरू नका. अठराव्या वचनाच्या अगदी आधी तर ‘शेजाऱ्याची चूक त्याला तोंडावर सांगा’ असं आहे. म्हणजे प्रीती म्हणजे गोड बोलणं, हा समज तिथेच गळून पडतो. जुन्या करारातलंच निर्गम 23:4-5 आणखी रोकडं आहे. शत्रूचं गाढव भटकताना दिसलं तर त्याच्याकडे पोचवायचं. द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर हात लावून उठवायचं. त्या माणसाविषयी मनात काय आहे, याची चौकशीच नाही.

मग भावनेला जागाच नाही का? आहे, आणि इथे मराठी फार नेमकी आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक 10) वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून दोघे जण बाजूने निघून जातात; तिसऱ्याला, म्हणजे परक्या समाजातल्या शोमरोन्याला, मात्र ‘कळवळा’ आला. मूळ ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्नोन’, म्हणजे आतडी, या शब्दापासून झालं आहे. आपण ‘आतडं तुटलं’, ‘पोटात कालवलं’ म्हणतो तेच. कळवळा ‘आला’, केला नाही. पण दाखला तिथे थांबत नाही. पुढे क्रियापदांची रांगच लागते : जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. कळवळ्याला एक क्रियापद आणि त्यानंतरच्या कामाला इतकी, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच दाखल्यातला ‘शेजारी’ मराठीत जरा फसवा. आपल्याला भिंतीला भिंत लागून असलेलं घर आठवतं. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जवळचा’. येशूने हा दाखला एका शास्त्र्याला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडिताला, सांगितला; त्याचा प्रश्न होता, माझा शेजारी कोण? येशूने तो उलटवून विचारलं, या तिघांपैकी शेजारी कोण झाला? ‘आहे’चं ‘झाला’ झालं.

आता पौलाच्या उताऱ्याकडे, 1 करिंथ 13:4-7. मराठीत त्याची सुरुवात ‘सहनशील आहे, परोपकारी आहे’ अशा विशेषणांनी होते, त्यामुळे ते एखाद्या सद्गुणी व्यक्तीचं वर्णन वाटतं. ग्रीकमध्ये या चार वचनांत प्रीतीविषयी सगळी क्रियापदं आहेत, पंधरा. त्यांतली आठ नकारार्थी. चार ठिकाणी वाचणारा हमखास अडखळतो.

‘सहनशील’ : मूळ शब्द ‘लांब’ आणि ‘राग’ यांचा जोड आहे. राग यायला वेळ लागतो, असा. स्तोत्रांमध्ये देवासाठी येणारा ‘मंदक्रोध’ हा शब्द याला अधिक जवळचा. सहनशील म्हटलं की मुकाट सोसणारा डोळ्यांपुढे येतो.

‘फुगत नाही’ : अहंकाराने फुगणे. नवरा-बायकोसमोर वाचताना लोक रुसून तोंड फुगवणे असा अर्थ घेतात आणि हसतात. चिडण्यासाठी पुढे वेगळं क्रियापद आहेच.

‘अपकार स्मरत नाही’ : मूळ क्रियापद हिशेबाचं आहे, जमाखर्चात मांडणे. स्मरण हे पुन्हा ‘होणारं’ काम. झालेलं आठवू नये असं स्वतःला बजावून उपयोग होत नाही. वहीत लिहायचं की नाही, हे मात्र आपल्या हातात असतं. भांडणात पाच वर्षांपूर्वीची उणीदुणी तारखेसकट निघतात, तेव्हा ती वही कोणीतरी लिहीत आलेलं असतं. प्रभूच्या प्रार्थनेत मराठी बायबल ‘ऋण सोडणे’ म्हणतं, ते या रूपकाशी नीट जुळतं. क्षमा म्हणजे येणं सोडून देणं. घेतलंच नव्हतं असं म्हणणं नव्हे.

‘सर्व काही सहन करते’ : इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. या क्रियापदाचं नातं ‘छप्पर’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. झाकणे, आसरा देणे, तग धरणे अशा त्याच्या छटा. मारहाण सोसणाऱ्या बाईला हे वचन ऐकवणारे लोक आधीचंच वचन गाळतात : प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यासंबंधी आनंद मानते. आणि अपराध झाला तर काय करायचं, याच्या पायऱ्या मत्तय 18:15-17 मध्ये दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन सांगा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, सांगा. गप्प बसा ही पायरी त्यात नाही. उलट्या क्रमाने जाणं, म्हणजे आधी चारचौघांत बोलणं आणि त्या माणसाला शेवटी कळणं, ही नेहमीची चूक.

ग्रीकमध्ये ‘अगापे’ म्हणजे दैवी प्रीती, ‘फिलिया’ म्हणजे मैत्री, असं कोष्टक अनेकदा फिरतं. त्यावर फार भार टाकू नये. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात राजपुत्र अम्नोनाच्या सावत्र बहीण तामारेवरच्या वासनेलाही ‘अगापे’च म्हटलं आहे (2 शमुवेल 13), आणि योहान 5:20 मध्ये पित्याच्या, म्हणजे देवाच्या, पुत्रावरील प्रीतीसाठी ‘फिलिया’च्याच घरातलं क्रियापद ‘फिलेओ’ आहे. अर्थ वाक्यातून काढावा.

राहिला वाचनाचा प्रश्न. ‘प्रेम’ वाचायला अर्थाची अडचण काहीच नाही, अडचण लिंगाची आहे. प्रीती ती, प्रेम ते. ऐन वेळी नुसता शब्द बदलला की ‘प्रेम सहनशील आहे… ती चिडत नाही’ असं धेडगुजरी वाक्य तोंडातून निघतं. बदलायचंच असेल तर कागदावर उतरवून घ्या, प्रत्येक ‘ती’चं ‘ते’ करा. शेजाऱ्याचं वचन जोडणार असाल तर तिथलं ‘आपल्यासारखी’ही ‘आपल्यासारखे’ होईल. तेराव्या वचनातलं ‘श्रेष्ठ’ तसंच राहतं. पत्रिकेवर छापताना सुटा शब्द ‘प्रीती’, दुसरी वेलांटी. समासात पहिली, ‘प्रीतिभोजन’. प्रीतीभोजन असं छापलेलं पुष्कळ दिसतं, ते चूक.