सांघिक गणित स्पर्धेसाठी शाब्दिक उदाहरणं कशी तयार करावीत?

सातवी-आठवीची मुलं, तिघांचा संघ आणि पाऊण तास, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात याच वयाच्या मुलांसाठी बरीच वर्षं उदाहरणं काढतोय. दहा अवघड उदाहरणं एका कागदावर छापली की सांघिक फेरी होत नाही. हुशार पोरगी कागद ओढून घेते आणि बाकीचे दोघं पंख्याकडे बघत बसतात.

म्हणून साखळी करा, तिघांना एकेक उदाहरणाची चिठ्ठी द्या. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या चिठ्ठीत गेलं पाहिजे, आणि चुकलेला आकडा पुढे अडला पाहिजे. सगळी मेहनत या अडण्यात आहे.

माझी एक साखळी देतो. पहिली चिठ्ठी: ठेल्यावरच्या संत्र्यांचे पाच-पाचचे ढीग लावले तर 3 उरतात, सात-सातचे लावले तर 4. संत्री 80 पेक्षा जास्त, 100 पेक्षा कमी. उत्तर 88. घाईत शेवटची अट निसटते आणि मूल 18 किंवा 53 लिहून मोकळं होतं. दुसरी चिठ्ठी: त्यातली पाव हिस्सा संत्री मोठी, 10 रुपयांना एक, बाकीची 5 रुपयांना एक. सगळी विकून किती आले? आता 18 असो की 53, चारने भागच जात नाही. चिठ्ठी मागे जाते. बरोबर असेल तर 220 आणि 330, म्हणजे 550 रुपये.

तिसरी चिठ्ठी: या विक्रीत 25 टक्के नफा झाला, तर खरेदी कितीची? इथे निम्मी पोरं 550 मधूनच 25 टक्के वजा करतात आणि 412 रुपये 50 पैशांवर येतात. ते पन्नास पैसे बघून कोणीतरी थबकतंच. खरं उत्तर 440. शेवटी विचारा, एक संत्रं सरासरी कितीला पडलं? त्यासाठी पुन्हा पहिल्याचे 88 लागतात, म्हणजे तोही झोपत नाही. 5 रुपये.

आकडे बदलताना जपा. एकदा मी पाच-सातच्या जागी चार-सहा घातले: चारचे ढीग लावले तर 1 उरतं, सहाचे लावले तर 2. पहिल्या अटीने संख्या विषम, दुसरीने सम! एका संघाची वीस मिनिटं माझ्यामुळे गेली. तेव्हापासून उत्तर न सांगता आधी दुसऱ्या शिक्षकाकडून सोडवून घेतो.

'पावणेदोन', 'अडीच डझन' असे शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अडतात, पावणेदोनचे 2.75 करणारी पोरं मी पाहिली आहेत. तरी एखादा ठेवतो. तिघांत आजीजवळ वाढलेलं कोणीतरी असतंच.

आणि गोष्ट खरी वाटू द्या. संत्र्यांच्या त्या उदाहरणात मी आधी 'मे महिन्यातल्या एका दुपारी' असं लिहिलं होतं. काटोलकडचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, मे महिन्यात संत्री कुठं भेटून राहिली तुम्हाले?" संत्र्याची पिकं दोन: आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चला. त्याच्या बापाची बाग होती, माझी नव्हती. फेरी उन्हाळ्यात असली की आता ठेल्यावर आंबे असतात, ढीग तेच.