वाचकांचे प्रश्न : माझा देव गावीच राहिला का?

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावाने सलाम. माझे वय ६७ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझा जन्म झाला, जवळच्याच गावात सासर मिळाले आणि तिथल्या मंडळीत मी ४५ वर्षे उपासनेला बसले. गेल्या वर्षी पती प्रभूकडे गेले आणि मुलाने मला बंगळूरला आपल्या घरी आणले. मुलगा-सून माझे सगळे प्रेमाने करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. परंतु इथली उपासना इंग्रजीत असते, गीते पडद्यावर दाखवतात, गिटार आणि ड्रमच्या आवाजात मला शब्द लागत नाहीत आणि भोवती ओळखीचा एकही चेहरा नसतो. गावी पहाटे पाचला उठून ओट्यावर बसून प्रार्थना करण्याची माझी सवय होती. इथेही पाचलाच जाग येते, पण डोळे मिटले की मन गावच्या घरात, चर्चच्या अंगणात, कबरस्थानात फिरून येते, आणि ‘आमेन’ म्हणताना लक्षात येते की आपण देवाशी बोललोच नाही. माझा विश्वास कमी पडला का? की माझा देव गावीच राहिला?
— एक भगिनी, बंगळूर

उत्तर : भगिनी, ‘देव तर सर्वत्र आहे’ एवढे लिहून हे पत्र मिटवता आले असते. ते वाक्य खरे आहे आणि तुम्हाला ते ठाऊकही आहे. देवाच्या नजरेआड कुठेही जाता येत नाही असे सांगणारे १३९ वे स्तोत्र तुम्ही माझ्यापेक्षा अधिक वेळा वाचले असेल. तरीही पहाटे पाच वाजता त्या वाक्याचा आधार वाटत नाही, म्हणूनच तर तुम्ही लेखणी हातात घेतली. तेव्हा मी आधी एवढेच म्हणतो की तुमचे गेले आहे ते पुष्कळ आहे. पती, घर, मंडळी आणि ज्या भाषेत तुम्ही देवाला हाक मारायला शिकलात ती भाषा, एवढे सगळे एका वर्षात सुटले असताना ‘थोडे जुळवून घ्या’ असे सांगणारा माणूस कितीही भाविक असला तरी त्याला तुमचे दुःख कळलेले नाही.

एज्राच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून पाहा. बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेला परतलेले यहूदी लोक नव्या मंदिराचा पाया घालतात तेव्हा पुष्कळ जण हर्षाने जयघोष करतात; पण ज्यांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते वृद्ध याजक, लेवी आणि वडील मोठ्याने रडू लागतात. हर्षाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे लोकांना ओळखू येईना, असे तिथे लिहिले आहे. त्या म्हाताऱ्यांना कोणी गप्प केल्याचा, किंवा ‘तुमचा विश्वास कमी आहे’ असे कोणी सुनावल्याचा उल्लेख त्या अध्यायात नाही. देवाच्या घराचा पाया घातला जात होता आणि ते रडणेही त्याच उपासनेचा भाग होते.

आता मन भरकटण्याविषयी. मन एकाग्र झाले तरच देवाकडे लक्ष लागले, अशी आपली समजूत असते, आणि ती मला कधीच पटलेली नाही. तुमचे मन कबरस्थानात जाते, तर त्याला कान धरून परत आणण्याऐवजी तुम्हीही त्याच्याबरोबर तिथे जा आणि तिथूनच बोला. ‘प्रभू, इथे माझे मालक झोपले आहेत, त्यांच्यासाठी तुझे आभार,’ एवढे म्हटले तरी ती प्रार्थना झाली. मन चर्चच्या अंगणात गेले तर त्या अंगणात रविवारी भेटणाऱ्या माणसांची एकेक करून नावे घ्या. कोणाच्या मुलीचे लग्न अडले असेल, कोणाचे गुडघे दुखत असतील, ते देवापुढे ठेवा. ज्याला तुम्ही भरकटणे म्हणता त्यातली निम्मी तरी मध्यस्थीच, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली प्रार्थनाच, आहे. फक्त तिला तोंड फुटलेले नाही.

‘माझा देव गावीच राहिला की काय’ हा तुमचा प्रश्न वाचून मला नामान आठवला. अरामाचा हा सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून कोडातून शुद्ध झाला, आणि परत जाताना त्याने अलीशा संदेष्ट्याकडे काय मागितले, तर दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती. इस्राएलाच्या देवाची उपासना करायची तर इस्राएलाची माती जवळ हवी, असे त्याला वाटले असावे. एखाद्या कडक उपदेशकाने त्याला तिथेच धडा दिला असता. अलीशा मात्र ‘शांतीने जा’ एवढेच म्हणतो. म्हणून तुमचे जुने गीतपुस्तक उशाशी राहू द्या, आणि गावच्या चर्चचा फोटो भिंतीवर लावावासा वाटला तर खुशाल लावा. दोन खेचरांची माती न्यायला हरकत नाही.

पण शास्त्र नामानापाशी थांबत नाही. यहूदाच्या यहोयाखीन राजाला बाबेलला धरून नेल्यानंतर पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ५९३ च्या सुमारास, यहेज्केल नावाचा याजक बाबेल देशात खबार नदीच्या काठी बंदिवानांमध्ये बसला होता. यरुशलेमेचे मंदिर तेव्हा अजून उभे होते, आणि देवाचे वैभव त्या मंदिरातच असते असे त्याला लहानपणापासून शिकवलेले होते. त्या परक्या नदीकाठी त्याला देवाचे सिंहासन दिसले आणि त्याच्याखाली चाके होती, ज्या दिशेला आत्मा जाई त्या दिशेला फिरणारी. त्या चाकांच्या वर्णनावर पुष्कळांनी पुष्कळ अर्थ रचले आहेत. मला त्यातून घरदार सुटलेल्या याजकाला कळलेली एकच साधी गोष्ट ऐकू येते, की त्याच्या आधी देव तिथे पोहोचला होता. तुम्ही गाडीत बसून बंगळूरला निघालात तेव्हाही तसेच झाले होते.

त्याच बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले, ते त्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात आहे. दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगणारे संदेष्टे तेव्हा होते आणि लोकांना ते आवडतही होते. यिर्मया ७० वर्षांची गोष्ट करतो, आणि म्हणतो की घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. तुम्ही मनातल्या मनात अजून पिशवी भरूनच बसला आहात का, हे स्वतःला एकदा विचारून पाहा. मी आरोप करत नाही. पिशवी भरून बसलेल्या माणसाला समोरचे झाड दिसत नाही, एवढेच सांगतो. तुमच्या इमारतीचा पहारेकरी कोण, समोरच्या दारात कोण राहते, भाजीवालीची भाषा कोणती, हे तुम्हाला कळू लागले की तुमच्या पहाटेच्या प्रार्थनेत बंगळूरची नावेही येऊ लागतील.

गिटार-ड्रमविषयी थोडे विषयांतर करतो. आपण ज्याला ‘आपली जुनी पद्धत’ म्हणतो ती फार जुनी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या मंडळ्यांतून प्रामुख्याने विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतेच गायली जात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भक्तिगीते लिहिली आणि आपल्या उपासनेला मराठी गळा मिळाला, तोही तेव्हा नवाच बदल होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा आमच्या घरी आलेली वडीलधारी माणसे ‘आता आपली मंडळी आपली राहिली नाही’ असे म्हणताना मी लहानपणी ऐकली आहेत. त्यांनाच पुढे त्या मंडळीचा अभिमान वाटू लागला. ड्रमचा आवाज मला स्वतःला सोसत नाही, हे कबूल करतो. पण माझ्या कानांची आवड हा पवित्र आत्म्याचा निकष नव्हे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतो. त्यांचे केडगाव तुमच्या जिल्ह्याला लागूनच आहे. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली; १८८० मध्ये भाऊ गेला; त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पतीही गेले. कडेवरच्या मुलीला घेऊन १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिका, मग मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग केडगाव. एवढे बदल सोसलेल्या बाईंनी आपल्या साक्षीत एक विलक्षण कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. धर्म चांगलाच होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, तरी आत भूक शिल्लक होती.

हे मी तुम्हाला तोलण्यासाठी लिहीत नाही. ४५ वर्षे ज्या ओट्यावर बसून तुम्ही प्रार्थना केलीत तो ओटा देवाने दिलेला होता, ती घंटा, ते गीत, ते शेजारी त्यानेच दिलेले होते, आणि त्या सगळ्यांतून तो तुम्हाला भेटत होता. आज ते सारे बाजूला झाल्यामुळे तुम्हाला वाटते की तोही गेला. भेटीची जागा आणि भेटणारा हे इतकी वर्षे एकत्र राहिले की त्यांतला फरक पाहण्याची वेळच तुमच्यावर आली नव्हती. ती आता, उतारवयात आणि एकटेपणात, आली आहे. हे कठीण आहे. पण १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेल्यावरही रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तोवर ओट्याशिवाय भेटायला त्या शिकल्या होत्या.

आता थोडे रोजच्या व्यवहाराचे. पहाटेची वेळ मोडू नका, पण प्रार्थना लहान करा. एक स्तोत्र मराठीत, मोठ्याने, स्वतःच्या कानांवर पडेल असे वाचा आणि तेवढ्यावर उठलात तरी चालेल. रविवारी तिथल्या उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की तुम्ही ती हळू आवाजात मराठीत म्हणा. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली, तेव्हा त्यात अनादर मुळीच नाही. प्रभुभोजनाला भाषा फारशी लागत नाही, भाकर आणि प्याला तुम्हाला गावाइतकेच ओळखतात. तो रविवार चुकवू नका. मुलाला सांगा की आठवड्यातून एका संध्याकाळी दहा मिनिटे घरी मराठीत प्रार्थना व्हावी. आईने मागितलेली दहा मिनिटे मुलगा नाकारणार नाही, आणि नातवंडांना एखादे मराठी गीत शिकवायचे काम तुमच्यावाचून दुसरे कोण करणार?

आणखी एक. जाग रोज पाचलाच येते की रात्रभर झोपच लागत नाही, जेवण जाते की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली ‘आता मला मरू दे’ म्हणत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिले, मग भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. देवाचे त्याच्याशी पुढचे बोलणे होरेब डोंगरावर झाले. कित्येक आठवडे झोप आणि भूक नसेल तर सुनेला सांगून डॉक्टरांकडे जा. त्याला विश्वासाची उणीव समजू नका.

प्रश्न : आमच्या मंडळीत नऊ वर्षे सेवा केलेल्या पाळकांची बदली झाली. नव्या पाळकांच्या संदेशात मन लागत नाही, आणि काही कुटुंबे दुसऱ्या मंडळीत जाण्याचा विचार करत आहेत. अशा वेळी देवाकडे लक्ष कसे ठेवावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मोशे गेल्यावर इस्राएल लोकांनी ३० दिवस शोक केला, आणि मग परमेश्वराने यहोशवाला ‘माझा सेवक मोशे मृत्यू पावला आहे, तर आता ऊठ’ असे सांगितले. तुमचे पाळक सुदैवाने हयात आहेत, तेव्हा तुम्हाला ३० दिवसही लागू नयेत. पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढवले मात्र देवाने, हे करिंथच्या मंडळीला लिहावे लागले ते तिथेही तुमच्यासारखेच गट पडले होते म्हणून.

एक गोष्ट माझ्या अनुभवातली सांगतो. माझी बदली झाली तेव्हा जुन्या मंडळीतले काही जण रोज फोन करून नव्या पाळकांच्या उणिवा मला ऐकवत, आणि त्या ऐकायला मला गोड वाटत असे. ते माझे पाप होते. ओळखायला मला वर्ष लागले, आणि तेवढ्या वेळात त्या मंडळीत दोन तट पडले. म्हणून जुन्या पाळकांना वाढदिवसाला आणि नाताळाला जरूर फोन करा, पण नव्यांची तक्रार त्यांच्या कानांवर घालू नका. आणि जी कुटुंबे जायला निघाली आहेत त्यांना घेऊन येत्या रविवारी नव्या पाळकांना सहकुटुंब जेवायला बोलवा. ते कोणत्या गावचे, त्यांचे आई-वडील कोण, ते सेवेत कसे आले, हे अजून तुमच्यापैकी कोणी त्यांना विचारलेले नसेल.